तावडे भाऊजींची स्टेप

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले तावडे भाऊजी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, पायाकडे बघून बोलतात. जिन्यात भेटले की नमस्कार-चमत्कार काही नाही. "वहिनी, डावी टाच झिजलीय. पडाल." झालं, निघाले. रस्त्यात खिळा, काच, टाचणी दिसली की उचलून खिशात. एकदा माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर ह्यांनी दारातल्या त्यांच्या चपला उलट्या करून तळ तपासले. नवरामुलगा बाहेर आला, तर त्याला म्हणतात, "दोन खिळे काढलेत. आता बसा निवांत."

माणूस फॅक्टरीत फिटर होता, गाण्याबजावण्याशी संबंध नाही. स्वतःच्या वरातीतसुद्धा नाचले नव्हते, असं त्यांची बायको शालू सांगते. पण आमच्या देवीच्या विसर्जनाला मात्र भाऊजी सगळ्या बायकांच्या पुढे नाचायचे. नाच म्हणजे काय, उजवा पाय जमिनीला घासत बाजूला फिरवायचा, मग डावा, मग दोन पावलं पुढे, आणि मान वळवून मागे एक नजर. चेहरा असा, की नळाची गळती शोधतायत. आम्ही हसून हसून बेजार.

मीच, दुसरं कोणी नाही, त्याचा व्हिडिओ काढला. माझ्या नातीने, रेवाने, त्याला गाणं लावून टाकला आणि वाट लागली. पार्ल्याच्या कॉलेजातली मुलं, बोरिवलीच्या हळदीतल्या करवल्या, कुठल्याशा बँकेतले साहेब, सगळे पाय घासतायत आणि माना वळवतायत. 'झाडू स्टेप' म्हणे. मी कौतुकाने दाखवायला गेले, तर भाऊजींनी दारातूनच परतवलं. "मला नको. आणि हिलाही दाखवू नका." शालूचा फोन साधा, बटणांचा. मला वाटलं, लाजले.

पुढच्या वर्षी विसर्जनाला कुठून कुठून पोरं आली. भाऊजींभोवती रिंगण, सगळ्यांचे फोन वर. भाऊजी हात पसरून म्हणत होते, "सरका, मला पुढे जाऊ द्या." पोरांना वाटलं, ही नवीन स्टेप. तीही केली त्यांनी. मीही फोन धरून हसत उभी होते हो. बायका रिंगणाला वळसा घालून पुढे गेल्या. शालू त्यांच्यात.

घरी गेल्यावर लादीवर लाल पावलं उमटली, तेव्हा तिला कळलं. नवरात्रात शालू विसर्जन होईपर्यंत अनवाणी असते. तिला शुगर आहे हे मला माहीत होतं, पण तळवे बधिर झालेत हे दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काच रुतली ती तशीच घेऊन चालली होती. जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली.

हॉस्पिटलच्या बाकावर भाऊजी मला म्हणाले, "किती सांगितलं, चपला घाल. म्हणते, देवीला कळतं. देवीला कळतं हो, काचेला कसं कळणार? म्हणून मी पुढे होऊन रस्ता साफ करायचो. नुसते पाय घासत चाललो तर लोक वेडा म्हणतील, म्हणून ढोलाच्या तालावर. हिला कळलं असतं तर मिरवणुकीला आलीच नसती."

त्याच दिवशी मी रेवाला तो व्हिडिओ काढून टाकायला लावला. माझ्या फोनमधूनही पुसला. माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

शालू घरी आली तशी भेटायला गेले. माफी मागितली. भाऊजींनी तोवर तिला सगळं सांगून टाकलं होतं. मी व्हिडिओ पुसल्याचंही सांगितलं.

"अगं, मला तरी दाखवायचा आधी," ती म्हणाली. "माझं सगळं लक्ष मागे, देवीच्या टेम्पोकडे. ह्यांना नाचताना मी कधी पाहिलंच नाही गं."

मी फोन उघडून शोधत बसले. घाटकोपरची एक नवरी सापडली, कोणी डॉक्टर सापडले, कुठल्या शाळेच्या बाई सापडल्या. पाय घासणारे भाऊजी कुठेच नाहीत. शालू चष्मा लावून त्या नवरीलाच बघत राहिली. "अहो, असंच करायचात का?"

भाऊजी तिच्या पायाची पट्टी बदलत होते. त्यांनी मान वर करून फोनकडे एकदा बघितलं.

"नाही," म्हणाले. "ती पाय उचलतेय. उचलला की खडा मागे राहतो."