धुक्यात बोलणारं पाखरू

गाडीचा रिमोट आपणच दुरुस्त करायचा, असं प्रूफरीडरसाहेबांनी रविवारी जेवण झाल्यावर ठरवलं. (पोट भरलं की त्यांना काहीही जमेलसं वाटायचं.) रिमोट मोठा लहरी. मनात आलं तर दार उघडायचा, नाहीतर बटण दाबून बोट दुखलं तरी ढिम्म.

"मेकॅनिककडे द्या ना," बायको म्हणाली.

"सेल बदलायला मेकॅनिक कशाला?"

त्यांनी नखाने रिमोट उकलला, आतले पत्रे खोडरबराने घासले, सेल बदलला आणि तिथेच समाधानाने डुलकी काढली.

मंगळवारी सकाळी सासूबाईंना स्टेशनवर सोडायचं होतं. रेल्वे चुकली तर मुक्काम आठवडाभर वाढणार होता. साहेब आंघोळीत असतानाच बायकोने दुसऱ्या चावीने गाडी उघडली, आईला आत बसवलं आणि राहिलेली पिशवी आणायला ती लिफ्टने वर निघाली. साहेब त्याच वेळी जिन्याने खाली उतरले.

खाली दाट धुकं. झाडं, भिंती, दिवे, सगळं दुधात विरघळल्यासारखं. पांढरी गाडी तेवढी पुसट दिसत होती. साहेबांनी बटण दाबलं. गाडी गप्प. रिमोट हनुवटीला टेकवला की लांबवर पोचतो, असं कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी तो टेकवला, डोळे मिटले, पुन्हा दाबलं.

मागे, धुक्यात कुठेतरी, एक पाखरू बोललं. टुक टुक.

साहेब मोहरले. दुसरं बटण दाबलं. टुक. पाखरू चक्क उत्तर देत होतं! त्यांना वाटलं, उगाच इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली. जग तर असं हाकेला ओ देणारं आहे. रेल्वे, सासूबाई, सगळं विसरून ते बटणं दाबत राहिले आणि पाखरू बोलत राहिलं.

"अहो!" बायकोचा आवाज आला. "शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीपुढे ध्यान कसलं लावलंय? आपली मागे आहे!"

मागच्या गाडीची काच खाली आली.

"जावईबापू," सासूबाई कळवळून म्हणाल्या, "दार उघडायला जाते तोच खटकन बंद होतंय. मी जाऊ की राहू, एकदा काय ते ठरवा!"

साहेब ओशाळले, पण स्टिअरिंगवर बसताच छाती फुगली. "काही म्हण, रिमोट दुरुस्त केला की नाही मी?"

"काल मेकॅनिकने केला," बायको पट्टा लावत म्हणाली. "तुम्ही नवा सेल कचऱ्यात टाकून जुनाच परत बसवला होता."