मापाला जुनं छप्पर

"गाडीचं छप्पर म्हणजे शेवटी काय? मोठा सदरा! फक्त बाह्या नसतात!"

मास्तर हे वाक्य बोलले तेव्हा शुक्रवारची सकाळ होती, हातात गरम चहा होता आणि गाडी अजून त्यांची होती.

मास्तर म्हणजे शर्ट-पँट शिवणारे टेलर मास्तर. दुकान त्यांचं, शेजारची लाँड्री बायकोची, मध्ये एक दार. नवऱ्याने शिवायचं, बायकोने धुवायचं. संसार कसा सुरकुती न पडता चालला होता. त्यात दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी ही गाडी आणली. जुनी, लाल, दोन दारांची आणि वर कापडी छप्पर. खटका सोडला की छप्पर दुमडून मागे जायचं आणि मास्तर राजासारखे उघड्यावर बसायचे. पण त्या छपराची आता अशी चाळण झाली होती की आत बसलेल्याला दिवसाढवळ्या तारे दिसावेत!

बायकोने शेवटचं सांगून टाकलं होतं.

"रविवारी अकराच्या ट्रेनने आई येतेय. तिला आणायला गाडी न्यायची आणि तिच्या डोक्यावर धड छप्पर पाहिजे. नसेल, तर सोमवारी ही गाडी समोरच्या दातांच्या डॉक्टरला देऊन टाकायची. तो केव्हाचा मागे लागलाय."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही! रविवार!"

म्हणून शुक्रवारी दुकान बंद आणि गाडी दारात. कोपऱ्यावरचा मेकॅनिक पाना पुसत पुसत आला. फुकट सल्ला द्यायला हा माणूस हातातलं काम टाकून येतो.

"मास्तर, ह्याला वेगळा कारागीर लागतो हो. निदान गाडीचं माप तरी घ्या आधी."

"गाडीचं माप?" मास्तर असे हसले की चहा बशीत सांडला. "अरे बाबा, मी आजवर कुणाच्याच अंगाचं माप घेतलेलं नाही! टेप लावला की माणूस पोट आत ओढतो. छाती पुढे काढतो. माणूस खोटं बोलतो, त्याचा जुना सदरा बोलत नाही! गिऱ्हाइकाला मी एकच सांगतो, मापाला जुना कपडा आण."

"पण गाडी कुठे पोट आत ओढते?"

"तुला नाही कळायचं ते."

दुपारपर्यंत मास्तरांनी जुनं छप्पर सोडवलं. खिळे काढले, पट्ट्या काढल्या, मागची काच काढून गादीत गुंडाळून ठेवली. वर नुसत्या लोखंडी कमानी राहिल्या. मापाचं छप्पर मधल्या दाराजवळच्या टेबलावर टाकून ते जेवायला गेले, जेवणावर जरा लवंडले आणि थेट संध्याकाळी उठून पाहतात तो काय! छप्पर स्वच्छ! कडक! घडी घालून, वर कागद गुंडाळून ठेवलेलं!

"वा!" मास्तर खूश झाले. "कुणी झटकलं वाटतं!"

संसाराला एवढी वर्षं झाली तरी काही माणसांना प्रश्न विचारायचं सुचत नाही.

त्यांनी ते जमिनीवर पसरलं, नव्या जाड कॅनव्हासवर ठेवलं, खडूने आखलं, सवयीने कडेच्या शिलाईसाठी दोन बोटं दाब सोडला आणि कात्री चालवली. शनिवारी दुपारी छप्पर शिवून तयार. शिलाई अशी की मेकॅनिकसुद्धा वाकून वाकून बघायला लागला! मग मागच्या बाजूने डिंकासारखं घट्ट सोल्यूशन लावून, पट्ट्या ठोकून, कापड एकेका कमानीवरून पुढे आणलं. पहिली कमान, दुसरी कमान, तिसरी...

चौथ्या, म्हणजे समोरच्या काचेवर टेकणाऱ्या शेवटच्या कमानीच्या अलीकडे कापड थांबलं.

मास्तरांनी ओढलं. कापड जागचं हललं नाही. अंतर चांगलं वीतभर!

"मास्तर," मेकॅनिक म्हणाला, "तुमच्या गाडीने पोट सोडलं वाटतं."

"गप्प बस आणि ओढ! अगं ए, तू पण ये!"

तिघांनी कापडाची कड धरली. "एक, दोन, तीन!" छप्पर ताणलं, कमानी कुरकुरल्या, दोन बोटांचं अंतर राहिलं, मास्तर "आलं, आलं!" म्हणून ओरडले आणि मागचं सोल्यूशन फर्रकन सुटलं! तिघेही आडवे! मास्तर खाली, त्यांच्यावर बायको, बायकोच्या बाजूला मेकॅनिक आणि सगळ्यांवर मिळून एकच छप्पर!

त्या अंधारात मास्तरांना शहाणपण सुचलं.

"अगं, ते जुनं छप्पर... तू त्याला काही केलंस का?"

"मी काय करणार? धुतलं फक्त."

"धुतलं?"

"कसल्या कळकट अवतारात टाकलं होतंत टेबलावर! उकळत्या पाण्यात दोनदा काढलं, खळ दिली, इस्त्री मारली. माझ्या दारात मळकं कापड घडीभर राहत नाही, माहीत नाही का तुम्हाला?"

"अगं, ते आटलं!"

"मग माप गाडीचं घ्यायचं!"

मेकॅनिक छपराखालून बाहेर सरकला आणि पाना पुसायला लागला.

नवीन कापड सोमवारशिवाय मिळायचं नव्हतं. मागची कड पुन्हा चिकटवून, ठोकून झाल्यावर मास्तरांना शिल्लक राहिलेला वीतभर तुकडा आठवला, पण तो आता जोडायचा कसा? मशीन गाडीत शिरेना, गाडी मशीनखाली येईना! हाताने दोन्ही पदर एकत्र शिवायला गेले तर चार सुया मोडल्या. मास्तर बसले डोक्याला हात लावून. आणि मग त्यांची नजर काउंटरवरच्या डब्यावर गेली. ओव्हरकोटाची बटणं!

रविवारी सकाळी साडेदहाला गाडीचं छप्पर तयार होतं. शेवटच्या कमानीवर चिकटवलेला वीतभर तुकडा, आणि तो छपराला जोडणारी चौदा काळी बटणं. चौदा काजे, हातांनी केलेले, बारीक टाक्याचे!

"अहो, हे छप्पर आहे की कोट?" बायकोने विचारलं.

"छप्परच! तुझ्या आईच्या डोक्यावर आलं म्हणजे झालं ना?"

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं. बाईंनी चाळीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग शिकवलं होतं. चाळीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबला होता. निवृत्त झाल्या तरी पाय काही निवृत्त झाला नव्हता. स्टेशनवरून गाडीत बसल्यापासून त्यांचा पाय पुढच्या पत्र्यावर दाबला जात होता.

"जावईबापू, वळणाआधी हॉर्न!"

"हो आई."

"जावईबापू, आरसा!"

"बघितला आई."

"आणि छपराला बटणं का आहेत?"

मास्तर घाम पुसत म्हणाले, "नवीन पद्धत आहे."

मागच्या नावापुरत्या सीटवर पिशव्यांमध्ये बसलेली बायको नुसती खाकरली.

मोठा रस्ता लागला. गाडीने वेग घेतला, वारा छपराखाली शिरला आणि टप्प! एक बटण उडून सासूबाईंच्या मांडीत पडलं. त्यांनी ते उचलून निरखून पाहिलं.

"तुमचं का हो हे?"

मास्तर उत्तर देणार तोच टप्प! टप्प! दोन गेली. मग एकदम पाच! मास्तरांनी एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने छप्पर धरलं.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर!" सासूबाई गरजल्या. चाळीस वर्षांची जरब ती! मास्तरांचा हात आपोआप खाली आला आणि उरलेली सहा बटणं एकदमच सुटली. छप्पर फुगलं, शिडासारखं उभं राहिलं आणि धप्पकन मागे कोसळलं. बरोबर बायकोच्या अंगावर!

"अहो! अहो, मी इथे आहे! काढा हे!" छपराखालून आवाज येत होता.

मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आता सगळं संपलं, असं वाटून त्यांनी डोळे मिटून घेतले. उद्या दातांचा डॉक्टर ह्याच गाडीत बसून आपल्याच दुकानासमोरून हॉर्न वाजवत जाणार! शेजारी कसलासा विचित्र आवाज येत होता. सासूबाई रडताहेत की काय? घाबरत घाबरत त्यांनी एक डोळा उघडला.

सासूबाई हसत होत्या! केस चहूकडे उडालेले, डोळ्यांत पाणी, आणि हसू थांबेना!

"उतरा," त्या म्हणाल्या.

"अं?"

"उतरा जावईबापू. तिकडे मी बसते. चाळीस वर्षं सगळ्यांना ते चाक धरायला दिलं. माझ्या वाट्याला नुसता ब्रेक!"

आणि सासूबाईंनी गाडी काय चालवली म्हणता! दोन वळणं जास्तीची घेतली. घर आलं तरी थांबल्या नाहीत. पुढे चौकापर्यंत जाऊन, वळसा घालून परत आल्या. बायको छपरातून डोकं बाहेर काढून आधी ओरडत होती, मग तीही हसायला लागली. मास्तर तर शेजारच्या सीटवर टाळ्या वाजवत होते.

दारात गाडी थांबली तशी बायकोला अटीची आठवण झाली. "छप्पर राहिलं नाही. उद्या गाडी डॉक्टरकडे."

"कोण डॉक्टर?" सासूबाई म्हणाल्या. "ही गाडी कुठेही जाणार नाही."

मास्तरांना त्या क्षणी सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"माझ्याकडे येईल," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं. "आता ट्रेन कोण पकडतंय! तुम्ही कधीही या जावईबापू, शेजारची सीट तुमचीच. आणि हे बटणांचं छप्पर तेवढं काढून ठेवा, मला नको."

मंगळवारी सकाळी सासूबाईंना घेऊन लाल गाडी कोपऱ्यावरून वळली. मेकॅनिकने रस्ता ओलांडायचं थांबून तिला सलाम ठोकला. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "सासूबाईंना भेट दिली. आपल्या माणसांना द्यायला काय लागतं?" बायको पलीकडे इस्त्री थांबवायची, त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा इस्त्री फिरवायची.

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या फोनवर सासूबाईंचा फोटो आला. अंगणात लाल गाडी, गाडीवर कोरं करकरीत छप्पर, एक सुरकुती नाही! खाली लिहिलं होतं: "आभाळ भरून आलं म्हणून बाजारातून कापड आणलं. गाडीवरच पसरून आखलं, कापलं, एकटीनेच बसवलं. चहाच्या वेळेपर्यंत झालंसुद्धा. तुम्हाला तीन दिवस कशाला लागले हो?"

"काय म्हणतेय आई?" मधल्या दारातून बायकोने विचारलं.

मास्तरांनी फोन खिशात टाकला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला.

"काही नाही," ते म्हणाले. "तब्येत चांगली आहे म्हणतात. फारच चांगली!"