रामण्णांचे इष्टमित्र

सोबतच्या माणसाला 'हा माझा दोस्त' म्हणून सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात पाऊल टाकण्याची सोय नव्हती. तिथे रामण्णा गज घेऊन बसत. तो शब्द कानावर पडला की कात्री अर्ध्या कापडात तशीच ठेवून ते गिऱ्हाइकाकडे रोखून बघत आणि विचारत, "दोस्त? का नुसता वळखीचा?"

मग झालेच. "दोस्त म्हंजे दो हस्त. एक हात तुमचा, एक त्याचा. त्यानं कुटं हात दिलाय ते सांगा बगू."

ही व्युत्पत्ती त्यांची स्वतःची. मी कोश काढून 'शब्द फारसी आहे हो' म्हणून दाखवले, तर म्हणाले, "कोश लिवणाऱ्याला दोस्त नसंल."

मी शाळामास्तर. आमची बिऱ्हाडे भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हा छळ मला दुकानात आणि घरी असा दुहेरी होता. प्रत्येक शब्दाला त्यांची अट ठरलेली. लंगोटीयार म्हणायचे तर दोघे लहानपणी एका विहिरीत पोहलेले हवेत. सवंगडी म्हणजे बरोबर गुरे राखलेले. पेठेत जन्मलेल्याने तो शब्द उच्चारूच नये. भिडूला तर ते दारातही उभे करीत नसत. "डाव संपला की भिडू संपला. त्यो कसला दोस्त?" त्यांच्या गावाकडचा कानडी 'गेळेया' मात्र सगळ्यांच्या वर. तो कुणाला लावायचा, हे ते कधी सांगत नसत.

एकदा आमच्या हेडमास्तरांना कोटाच्या कापडासाठी तिथे नेण्याची मला दुर्बुद्धी झाली. "हे आमचे जिगरी," एवढे माझ्या तोंडून निसटले.

"जिगर म्हंजे काळीज," रामण्णा थेट हेडमास्तरांनाच म्हणाले. "मागल्या साली मास्तर तापानं आंथरुणाला खिळले, तवा तुमी आल्यालं दिसलं न्हाई."

हेडमास्तर कापड न घेताच उठले. पुढे वर्षभर गणिताचा शेवटचा तास माझ्या माथी आला.

त्या संध्याकाळी मी तणतणत रामण्णांना गाठले. "मग मी तुमचा कोण, ते तरी सांगा!"

"तुमी शेजारी," ते शांतपणे म्हणाले. "मदी भिंत हाय की."

अशा माणसापुढे डोके फोडून घ्यायचे तरी किती?

पुढच्या लग्नसराईत एका सकाळी रामण्णा माझ्या दारात उभे राहिले. अंगात धुवट कोट, डोक्याला नवा पटका, हातात हळदीकुंकवाची बोटे उमटलेली पत्रिका. अक्कलकोटकडे दिलेल्या थोरल्या बहिणीच्या धाकट्या मुलीचे लग्न होते.

"जा की मग," मी म्हणालो. "मामा तुम्ही. मुलीला बोहल्यावर दुसरं कोण नेणार?"

"थोरल्या भाचीच्या लग्नाला गेलो न्हाई. दुकानात सराई हाय म्हणून कळवलं. अक्का लई रडली. औंदा न्हाई गेलो, तर तिचं दार बंद झालं म्हणून समजा."

"मग अडलंय कुठे?"

त्यांनी पत्रिकेतल्या एका ओळीवर बोट ठेवले. 'सहकुटुंब, इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे.'

"कुटुंब देवाघरी गेलं," ते म्हणाले. "आन मित्र कुटनं आणू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ती छापायची रीत आहे! सगळ्याच पत्रिकांत असते ती!"

"असंल. पर लोक इचारतील की. येवडी सालं सोलापुरात काडली, एक माणूस जोडला न्हाई व्हय?" मग खाली बघत पुटपुटले, "तुमी येता का?"

मला त्यांचा भयंकर राग आला. साऱ्या गावाच्या दोस्त्या मापणाऱ्या या माणसाला शेजारच्या दारी येऊन एवढे विचारायला लग्नपत्रिका लागावी! आणि त्याहून जास्त वाईट वाटले. मी हेडमास्तरांकडे रजेची चिठ्ठी धाडली आणि कोट चढवला.

सर्व्हिस मोटारीने हाडे खिळखिळी करून आम्हाला उतरवले, तेव्हा मांडवाच्या तोंडाशीच त्यांची बहीण उभी होती. भावाला बघून तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "रामा, एकलाच आलास?"

"एकला कशाला?" रामण्णा मांडवभर ऐकू जाईल असे ओरडले. "आमी दोघं आलोय!" आणि मला पुढे ढकलून, माझ्या पाठीमागे उभे राहून, ते डोळे पुसू लागले.