पथारीवरचा ठसका

फाटकातून स्कूटी आत घेताच ढोल वाजू लागला, तेव्हाच जागृतीला शंका यायला हवी होती. नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या माणसापुढे कुणी ढोल वाजवत नाही. पण तिला वाटलं, सेठजींकडे काही कार्य असेल. तिने हेल्मेट काढलं, आणि ढोल दुप्पट जोराने वाजू लागला.

इंदरमल सेठची पथारी नंदुरबारच्या बाहेर होती. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मैदान. पाच-सहा एकर जमीन नुसती लालभडक, आणि वाऱ्याची झुळूक आली की नवख्या माणसाच्या नाकातोंडातून पाणी. सेठना तिथे बायांवर आणि मालावर देखरेख करायला कुणीतरी हवं होतं. रनाळ्याच्या जागृती पाटीलने शेतकीची पदवी घेतली होती. आदल्या दिवशी तिने फोन केला, आणि तिची ठसठशीत अहिराणी ऐकून सेठ खूश झाले. "बोलीवरथीनच वळखं मी, पक्की रनाळानी पोर शे. सकाय ये बेटा," ते म्हणाले होते.

ही नोकरी जागृतीला फार हवी होती, आणि त्याला कारण होतं. तिचे वडील उमाकांत शेती करत, पण तरुणपणी ते ठिबक सिंचनाच्या कंपनीतर्फे व्हिएतनामला गेले आणि येताना लान नावाची बायको घेऊन आले. गावाने आठवड्याभरात लानची लताबाई केली आणि विषय संपवला. जागृतीचा विषय मात्र कधी संपला नाही. तिचा चेहरा हुबेहूब आईचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला दरवर्षी एकच काम मिळे, गुरख्याचं. चायनीजचा गाडीवाला तिला पाहून हातातला झारा खाली ठेवी आणि विचारी, "ताई, बरोबर जमनं ना?" आजोळी व्हिएतनामला गेली, तर तिथे शेजारीपाजारी इंडियाची पाहुणी बघायला जमत. पुण्याच्या एका कंपनीने तर मुलाखतही न घेता तिला स्वागतकक्षात बसवायची तयारी दाखवली, कारण चेहरा 'इंटरनॅशनल' होता. तिने त्यांना नमस्कार केला आणि गावाकडची गाडी धरली. सेठनी तिला नुसत्या आवाजावर बोलावलं होतं. आयुष्यात प्रथमच तिचा चेहरा तिच्याआधी पोचला नव्हता.

आता तो पोचला.

त्या दिवशी सेठकडे दोन माणसं यायची होती. एक रनाळ्याची पोर, आणि दुसरे जपानातल्या कोबे शहराहून मिरची बघायला येणारे कुणी पी. तानाका. माल पसंत पडला, तर सेठची मिरची प्रथमच समुद्र ओलांडणार होती. "पाव्हनाले शाल-श्रीफळ, आन पोरले जरा बसाड," असं सेठनी दिवाणजी चुडामणला बजावलं होतं. त्यात चुकण्यासारखं काय होतं?

ढोलवाल्याला फाटकातून कुणी आलं की वाजव असं सांगितलेलं होतं, आणि हेल्मेटखालून निघालेला चेहरा पाहिल्यावर, पाहुण्याला आणायला स्टेशनवर ड्रायव्हर पाठवला आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. चुडामणने जागृतीच्या कपाळाला कुंकू लावलं. सेठनी स्वतः तिला शाल पांघरवली. हातात नारळ आला. जागृती ओरडून काहीतरी सांगत होती, पण ढोलवाला कसलेला होता. शेवटी तो दम घ्यायला थांबला आणि तिला संधी मिळाली.

"सेठजी, मी रनाळानी शे," ती म्हणाली.

सेठनी चुडामणचा दंड धरला. मग त्यांचे डोळे भरून आले. "चुडामण, दख. याले म्हंतस जपान. येवाना पहिले आपली बोली शिकीसन वनात ह्या लोके."

"तसं नही, सेठजी. मी खरंच आठलीच शे. मन्हा बाप उमाकांत पाटील."

"आपला माल देनारा शेतकरीना नाव बी पाठ," चुडामण हळूच म्हणाला. "कंपनी पक्की चौकशी करीसन धाडस, सेठजी. जपीसन बोला."

जागृतीने मग आजीचं नाव सांगितलं, गावातलं मारुतीचं देऊळ सांगितलं, गेल्या बुधवारी कळण्याची भाकरी खाल्ल्याचंही सांगितलं. ती जितकी रनाळ्याची होत गेली, तितके सेठ जपानच्या प्रेमात पडत गेले. कळण्याच्या भाकरीवर तर त्यांनी हातच जोडले.

"चला, माल दखा," ते म्हणाले. चुडामण मागोमाग पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन निघाला. ही त्या पथारीची जुनी रीत होती. बाहेरचा माणूस मिरचीत पाऊल टाकताच ठसकतो, आणि ठसकला की त्याला गूळ-पाणी द्यायचं. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांची मुकादम तुळशीबाई तर म्हणे, की माणूस कुठला हे विचारू नये, पथारीवर उभं करावं. कोण घरचं आणि कोण पाहुणं ते मिरचीच सांगते.

जागृती मिरचीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ठसका नाही, शिंक नाही, डोळ्यांत पाण्याचा टिपूससुद्धा नाही. चुडामण तांब्या धरून तिच्या तोंडाकडे आशेने पाहत राहिला. बाया देठ खुडायच्या थांबल्या.

"तुळशीबाई, हाई कसं काय?" सेठनी विचारलं.

तुळशीबाईने पदराने तोंड पुसलं. "सेठ, हाई पाव्हनी नही. हाई आपली शे."

"तुले काय समजस जपानमधलं," सेठ म्हणाले. "त्या लोके मन घट्ट करी लेतस. त्यासले शाळामां शिकाडतस."

जागृतीच्या डोळ्यांत तेव्हा खरंच पाणी यायचं बाकी होतं. पण तेवढ्यात तिचं लक्ष पायाशी गेलं. मिरचीचा थर जाड पडला होता आणि खालची मिरची काळपट होऊ लागली होती. संसारी बाईला उतू जाणारं दूध दिसलं की ती कुणाचं घर आहे ते बघत नाही. जागृतीने शाल कमरेला खोचली. नोकरी द्या न द्या, काम तरी दाखवते, असा तिने हिय्या केला.

"हाई पलटाडनं पडी," ती म्हणाली. "खालेथून खराब व्हई ऱ्हायनी."

सेठचा चेहरा उतरला. ऑर्डर डोळ्यांदेखत काळी पडताना दिसली. त्यांनी चुडामणकडे पाहिलं, चुडामणने ढोलवाल्याकडे पाहिलं. जागृतीने मात्र फाटकाकडे पाहिलं. तिथे रिक्षातून उतरलेला एक तरुण उभा होता. सावळा, चौकड्यांचा शर्ट, चपलांवर धूळ, खांद्याला पिशवी. अशी पोरं नंदुरबारच्या स्टँडवर पायलीला पन्नास मिळतात.

"ओ दादा," तिने हाक मारली, "नुसता उभा काय ऱ्हायना? ते दाताळं ले आन आठेथून पलटाडाले लाग."

तरुणाने स्वतःकडे बोट केलं. तिने मान हलवली. त्याने पिशवी खाली ठेवली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि दाताळं उचललं.

दुसऱ्याच फटक्याला तो ठसकला. तिसऱ्याला शिंकला. मग त्याचं खोकणं आणि शिंकणं असं सुरू झालं, की कुठलं काय हे कळेना. डोळ्यांतून धारा लागल्या, पण पठ्ठ्याने दाताळं सोडलं नाही. खालची मिरची वर, वरची खाली, असा अर्धा वाफा त्याने रडत रडत पालटला.

"कोठला मजूर शे हाऊ?" तुळशीबाई म्हणाली. "ठसकस कितला." मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग शालवाल्या पोरीकडे पाहिलं. "सेठ, तुमना जपानवालासले जरा फोन लावा बरं."

"फोन कशाले? त्या काय समोर उभ्या शेतस."

"लावा तं खरं."

सेठनी फोन लावला. जागृतीचा फोन गप्प राहिला. वाफ्याच्या कडेला ठेवलेली पिशवी वाजू लागली.

तरुणाने दाताळं टेकलं, फोन काढला, आणि दहा पावलांवर उभ्या असलेल्या सेठना कानाला फोन लावूनच म्हणाला, "हां जी, तानाका बोलुं छुं. पुनीत तानाका."

ढोलवाल्याने सवयीने एक टिपरू मारलं आणि जीभ चावली.

पुनीतच्या आजोबांनी पालनपूरहून मोत्यांचा धंदा करायला कोबे गाठलं होतं. आई जपानी, आडनाव आईचं, आणि बोली आजीकडून मिळालेली गुजराती. गुजरात इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पथारीवर त्याचं बोलणं साऱ्यांना कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच सगळ्यांना जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

"स्टेशन पर तमारो ड्राइवर मारा नामनी पाटी लईने ऊभो हतो," तो नाक पुसत म्हणाला. "में कह्युं, हुं ज छुं. ए कहे, बाजु हट भाई, महेमान आवे छे."

सेठनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "माफ करजो, साहेब. आन हाई दाताळं तं..."

"ए तो मने एम के अहींनो रिवाज हशे," पुनीत म्हणाला. "जे माल ले, ए पहेलां पलटावे. सारो रिवाज छे. वेपारी कोई दिवस नीचेनो माल बतावतो नथी. में नीचे सुधी जोयो. थोडो काळो छे, बाकी सरस छे. रोज पलटावशो तो लईश." मग त्याने जागृतीकडे बोट केलं. "आ बेन पलटावडावे तो."

सेठना आनंद कुठे ठेवू आणि शरम कुठे ठेवू असं झालं. "म्हंजे तू खरीच उमाकांतनी पोर?" त्यांनी जागृतीला विचारलं. तिने मान डोलावली. "मंग पहिलेच सांगानं ना, बेटा."

जागृतीने फक्त शालीवरची मिरचीची धूळ झटकली. नोकरी हाताशी आली असताना मालकाशी वाद घालू नये, एवढी ती शहाणी होती.

"सकायपासून ये," सेठ म्हणाले.

शाल मात्र एकच होती. चुडामणने ती जागृतीच्या कमरेवरून सोडवायला हात पुढे केला, पण तुळशीबाईने तो हातच बाजूला सारला. "एकदाव पांघरेल शाल काढतस का?" मग नारळ फोडून पुनीतला त्यातला मोठा तुकडा देण्यात आला आणि मानपान मिटला.

चुडामणने तांब्या आणि गूळ अखेर योग्य माणसाच्या हाती दिला. पुनीत बाजेवर बसून पाणी पिऊ लागला. जागृतीला त्याला मजूर समजल्याची लाज वाटत होती. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ती शेजारी बसली.

"तुमी मूळना कोठला?" तिने विचारलं.

"कोबे."

"तसं नही. म्हंजे मूळना?"

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मगच ते तिला ऐकू आले. बालवाडीपासून ज्या प्रश्नावर ती दात-ओठ खात आली होती, तोच तिने अगदी प्रेमाने, मान तिरकी करून विचारला होता. पुनीतने तांब्या खाली ठेवला. असा प्रश्न आयुष्यभर ऐकलेल्या माणसाच्या सवयीने तो शांतपणे तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"अने तमे?" तो म्हणाला.

"रनाळा."

"एम नहीं," तो मान तिरकी करून म्हणाला. "मूळ?"

जागृतीला हसू फुटलं. ती हसली ती पोट धरून हसली, आणि हसता हसता तिने जो लांब श्वास घेतला त्यात अर्धी पथारी नाकात गेली. जन्मात पहिल्यांदा तिला ठसका लागला. ती खोकू लागली, डोळे वाहू लागले, कमरेची शाल सुटली. शेजारी पुनीतही पुन्हा सुरू झाला. दोघं एकाच तांब्याला हात घालत बाजेवर खोकत बसली.

तुळशीबाईने देठ खुडता खुडता मान वर करून दोघांकडे पाहिलं.

"चुडामण, गूळ आखो आन," ती म्हणाली. "पाव्हना दोन शेतस."