कुलूपसाहेब गेटबाहेर

"तिकीट?"

हा आवाज साहेबांच्या कानात लहानपणापासून घर करून होता. वडील सिनेमागृहाच्या दारावर तिकिटं फाडायचे. एका दुपारी पोटचा पोरगा रांगेतून समोर आला, तेव्हाही त्यांनी हात पुढे करून एवढंच विचारलं. तिकीट नाही म्हटल्यावर त्याला हलकेच बाजूला सारलं आणि मागच्याला पुढे बोलावलं. विद्यापीठाचे सुरक्षाप्रमुख झाल्यापासून साहेब ही गोष्ट प्रत्येक नव्या पहारेकऱ्याला छाती फुगवून सांगत. दार राखावं तर असं! विद्यार्थ्यांनी त्यांना कुलूपसाहेब असं नाव ठेवलं होतं. ते कानावर आलं, तेव्हा त्यांना आतून गुदगुल्याच झाल्या होत्या.

त्या सकाळी कुलूपसाहेब नवा निळा कोट चढवून निघाले. पहारेकरी आम्हाला चोरासारखं वागवतात, अशी प्राध्यापकांनी तक्रार केली होती. गेटवरची कार्डाची सक्ती ठेवायची की काढायची, ते आज समितीच्या बैठकीत ठरणार होतं. साहेब तिथे बोलले नाहीत, तर त्यांनी विटेवर वीट रचून उभारलेली शिस्त दुपारपर्यंत जमीनदोस्त होणार होती.

गेटवर त्यांचा सर्वांत लाडका शिष्य उभा होता. ऊन असो, वारा असो, जागचा हलायचा नाही, म्हणून त्याला सगळे खांब म्हणत.

"कार्ड, साहेब."

साहेबांनी खिसे चाचपले. नवा कोट, नवे खिसे, सगळे कोरे. कार्ड जुन्या कोटात राहिलं होतं आणि तो कोट बायकोने सकाळीच धुलाईला धाडला होता.

"राहिलं रे. उघड."

"मग बाकावर बसावं लागेल, साहेब."

"मला ओळखतोस ना तू?"

"ओळखतो म्हणूनच उघडत नाही. ओळखीचा माणूस सगळ्यात धोक्याचा, हे तुम्हीच शिकवलंत."

शाबास, हा शब्द साहेबांच्या ओठांवर आला होता. मग त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि त्यांनी तो गिळला.

नियम त्यांचाच, त्यामुळे त्यातल्या फटी त्यांना ठाऊक असायला हव्या होत्या. पण त्यांनी एकही ठेवली नव्हती. विनाकार्ड आलेला तो पाहुणा, आणि पाहुण्याला कुणीतरी कार्डवाल्याने हमी देऊन आत न्यायचं. साहेबांनी कुलसचिवांना फोन लावला. तो बंद होता, कारण बैठकीत फोन बंद ठेवायचा नियमही साहेबांनीच करून घेतला होता. तेवढ्यात इतिहासाचे प्राध्यापक आले. तक्रारीवर पहिली सही त्यांची होती आणि समितीतही ते होते. कालच साहेबांनी त्यांना गाडीवर परवान्याचा कागद नाही म्हणून माघारी पाठवलं होतं. प्राध्यापकांनी चष्मा पुसून साहेबांना नीट न्याहाळलं. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय खरं, पण हमी देण्याइतकी खात्री नाही, असं म्हणून ते शीळ घालत आत गेले.

साहेब तरातरा मागच्या गेटकडे निघाले. तिथे पोहोचण्याआधीच तिथल्या पहारेकऱ्याच्या हातातलं बिनतारी यंत्र खरखरलं. खांबाचा आवाज होता. "एक विनाकार्ड गृहस्थ तिकडे येतोय. निळा कोट, टक्कल, चाल रागीट." नाव न घेता वर्णन कसं करावं, याचा धडा त्याने अक्षरशः पाठ केला होता.

साहेब परत आले आणि पाहुण्यांच्या बाकावर बसले. कुणी फार वेळ रेंगाळू नये म्हणून त्यांनीच तो बाक पुढे उतरता करून घेतला होता. दर मिनिटाला ते घसरत होते आणि पुन्हा वर सरकत होते.

असेच घसरत असताना समोर ओळखीच्या चपला थांबल्या. वर पाहतात तो बायको! खांद्याला पिशवी, केसांत पेन खोचलेलं.

"अहो, तुम्ही इथे?"

"अगं, तू इथे?"

तिने पिशवीतून कार्ड काढून खांबापुढे धरलं. विद्यार्थ्याचं कार्ड, त्यावर तिचा हसरा फोटो. खांबाने रोजच्या सवयीने मान डोलावली.

"तुला ठाऊक होतं?" साहेबांनी त्याला विचारलं.

"कुणाचीही माहिती कुणालाही द्यायची नाही. नियमच आहे, साहेब."

मग साहेबांकडे बोट दाखवून त्याने बाईंना विचारलं, की या गृहस्थांना आपण ओळखता का. तिने नवऱ्याला टकलापासून बुटांपर्यंत पाहिलं.

"आहे थोडीफार ओळख," ती म्हणाली आणि हमीची सही केली.

गळ्यात 'पाहुणा' असा लाल बिल्ला अडकवून साहेब तिच्यामागून चालू लागले. पाहुण्याने हमीदाराला सोडून कुठे जायचं नाही, हाही नियम होता. म्हणून दोघं मिळूनच बैठकीत शिरली. साहेबांनी तोंड उघडण्याआधीच इतिहासाचे प्राध्यापक उठले. एवढं गोड दृश्य दाखवणारं गेट केसभरही ढिलं होता कामा नये, मी तक्रार मागे घेतो, असं त्यांनी जाहीर केलं. सगळे हसले आणि कार्डाची सक्ती कायम राहिली. साहेब जिंकले होते. फक्त बिल्ला तेवढा गळ्यात टोचत होता.

आता हमीदाराचा तास होता, म्हणजे पाहुण्यालाही जाणं भाग होतं. जाता जाता त्यांनी विचारलंच, "मला सांगितलं का नाहीस?"

"गेटवर आल्यागेल्याला विचारता, कुठे निघालात म्हणून. घरी कधी विचारलंत?"

साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं, "शिकतेस काय?"

"सिनेमा." ती थबकली. "तुमची ती मामंजींची गोष्ट ऐकून ऐकून वाटायचं, दाराची एवढी कौतुकं, पण आत काय चाललं होतं ते कुणी सांगतच नाही. म्हटलं, आपणच जाऊन बघावं."

वर्गाच्या दारावर कुणीच उभं नव्हतं. आत अंधार होता. दोघं शेवटच्या रांगेत बसली. पडद्यावर एक जाडा माणूस शिडीवरून धडपडला, आणि सगळा वर्ग खळाळून हसला. बायकोही हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला बिल्ला काढून मुठीत घट्ट धरला होता. मग ते तिच्या कानाशी वाकले.

"वडिलांनी बाजूला सारलं, त्या दिवशी मी घरी गेलो नाही गं. मागच्या भिंतीला कान लावून शेवटपर्यंत उभा होतो. आत सगळे असेच हसत होते. कशाला हसत होते, ते मला कधीच कळलं नाही."