स्पॅनिश जेवणाची रंगीत तालीम

"स्पेनमध्ये जाऊन उपाशी राहतात ते अभ्यास न करता गेलेले लोक," श्यामकांतांनी शनिवारी संध्याकाळी जाहीर केलं, आणि वृंदाताईंची सुट्टी सुरू व्हायच्या सोळा दिवस आधीच संपली.

श्यामकांत कोलकात्याला गार्डन रीचच्या रेल्वे कार्यालयातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते नव्या कारकुनांना शिकवायचे. आता सॉल्ट लेकच्या आपल्या घरी दर रविवारी सोसायटीतल्या मराठी मुलांना मराठी शिकवतात. आठवड्याचे उरलेले सहा दिवस बायको असते.

स्पेनची सहल ही मुलाची, सारंगची भेट. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. तो सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला, राहायला दोन गल्ल्या पलीकडे. सहल पुण्याच्या कंपनीची, आणि कंपनीचा एकच प्रश्न उरला होता : जेवण भारतीय हवं की तिथलं? शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा.

वृंदाताईंना तिथलं हवं होतं. चाळीस वर्षं, सात बदल्या आणि रोज सकाळी "आज काय करू?" आता एकदा तरी परक्या गावात रस्त्याकडेच्या टेबलाशी बसावं, नावही माहीत नसलेलं काहीतरी मागवावं, नाही आवडलं तर दुसरं मागवावं. एवढंच त्यांचं मागणं.

"पण तुला झेपेल का?" श्यामकांतांनी विचारलं.

"अहो, खायचंच आहे ना?"

"नुसतं खायचं नाही. ते लोक दुपारी तीनला जेवतात, मग झोपतात, आणि रात्री दहाला पुन्हा जेवतात. तू सातला ताटं घेणारी. आपण आठवडाभर तालीम करू. जमलं तर 'तिथलं' असं कळवू. नाही जमलं तर वरण-भात."

म्हणजे परीक्षा. वृंदाताईंनी डोळे मिटले. बी.ए.ची परीक्षासुद्धा त्यांनी एवढ्या आशेने दिली नव्हती.

रविवारी वर्गातल्या मुलांना श्यामकांतांनी हॉटेल मांडायला लावलं. तिसरीतली ऋता हातावर पंचा टाकून वेटर झाली.

"आजी, तू काय खाणार आहेस बोल," ती म्हणाली. तिचं मराठी बंगालीच्या शेजारी वाढलेलं होतं.

"बटाट्याचं ऑम्लेट आण, बाळ."

"ते खतम."

"मग ते थंड सूप?"

ऋताने वाटी आणली. वृंदाताईंनी एक घोट घेतला. "अहो, हे टोमॅटोचं सार आहे. गरम करायचं राहिलंय."

"तसंच पितात ते," श्यामकांत म्हणाले.

"बरं."

"चेहरा असा नाही करायचा. मालकाला वाईट वाटेल."

त्यानंतर ऑलिव्ह आलं. कुणीतरी करवंदं मिठात टाकून विसरून गेल्यासारखी त्याची चव होती. वृंदाताईंनी ते गालात धरून ठेवलं आणि चेहरा चांगला केला. तेवढ्यात दीड वाजला. पोटात कावळे ओरडू लागले, म्हणून त्यांनी ओट्यावरच्या पोळीकडे हात नेला.

"तीनच्या आधी नाही," श्यामकांत म्हणाले. ते रागावले नव्हते. ते कधीच रागवत नसत, हाच तर सगळा त्रास होता.

ऋताने हे पाहिलं. घरी जाऊन तिने आईला सांगितलं, आजी पोळी मागत होती आणि आजोबांनी दिली नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. रात्री दहाला जेवायचं म्हणजे साडेअकराला भांडी, आणि झोप लागेपर्यंत एक. तरी सकाळी साडेपाचला दूधवाला बेल वाजवायचाच. त्याला स्पेनचं कुणी सांगितलं नव्हतं. वृंदाताई मटार सोलता सोलता पेंगू लागल्या. डोळ्यांखाली काळं आलं.

बुधवारी दुपारी दोनला समोरच्या बंगाली शेजारीण मीनाक्षी डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बौदी, तीन दिन से आपके घर में कुकर का सीटी नहीं बजता," त्या हळूच म्हणाल्या. "लुची लाई हूँ. गरम है."

लुचीचा, म्हणजे मैद्याच्या पुरीचा, वास थेट वृंदाताईंच्या डोळ्यांपर्यंत गेला. डोळे भरून आले. त्यांनी हात पुढे केला आणि मागून श्यामकांतांचा शांत आवाज आला, "अभी एक घंटा इनको कुछ नहीं देना है."

मीनाक्षींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वृंदाताईंच्या डोळ्यांकडे.

"नहीं नहीं, हम स्पेन जा रहे हैं ना, इसलिए," वृंदाताई घाईने म्हणाल्या.

यातून मीनाक्षींना काय कळलं देव जाणे. त्यांनी डबा वृंदाताईंच्या हातात दिला, दोन्ही हात घट्ट दाबले आणि निघून गेल्या. तीनपर्यंत लुच्या गार झाल्या. वृंदाताईंनी त्या स्पॅनिश असल्यासारख्या खाल्ल्या.

शुक्रवार उजाडला. शेवटचा पेपर. वृंदाताईंनी तीनपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तीनला बटाट्याचं ऑम्लेट खाल्लं. गार सार चेहरा न करता प्यायल्या. तीन ऑलिव्ह गिळली.

"पास," श्यामकांत म्हणाले. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. "मी सांगत नव्हतो? सरावाने सगळं येतं."

"मग कळवा ना कंपनीला. तिथलं म्हणून."

"उठल्यावर. आत्ता झोपेची वेळ आहे."

"एक फोन तर करायचाय."

"वृंदा, तिथे या वेळी कुणी फोन करत नाही. साडेपाचला उठू, मग करू. अर्धा तास हातात राहतो."

वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. श्यामकांतांनी पडदे ओढले, फोनचा आवाज बंद केला, आणि आठवडाभराची राहिलेली सगळी झोप दोघांवर एकदम कोसळली.

वृंदाताईंना जाग आली तेव्हा खोलीत दिवा लागला होता. पायाशी सारंग, सोसायटीचा दरवान आणि मीनाक्षी ओळीने उभे होते.

"आई," सारंग म्हणाला. "बोल काहीतरी."

"किती वाजले?"

"सव्वासहा."

वृंदाताई पुन्हा आडव्या झाल्या.

हळूहळू उलगडा झाला. मीनाक्षींनी पाचला चार वेळा बेल वाजवली होती. दार उघडेना, पडदे ओढलेले. त्यांनी सारंगला फोन लावला आणि कुकर, लुची, अश्रू, सगळं सांगितलं. ऋताच्या आईने त्याला पोळीचं आधीच सांगितलं होतं. तो मीटिंग सोडून दुसरी किल्ली घेऊन निघाला.

"आणि वाटेतच सहलवाल्यांचा फोन आला," तो म्हणाला. "मधुवंती नावाची मुलगी. बाबा उचलत नाहीत म्हणून मला केला. मी सांगून टाकलं, दोघांनाही भारतीय. रोज संध्याकाळी सात म्हणजे सात. मऊ भात, वरण, कमी तिखट. त्यांचा आचारी बरोबर असतो. आई, आता तू काळजी करू नकोस."

श्यामकांतांनी लगेच मधुवंतीला फोन लावला.

"काका, यादी स्पेनला गेली," ती गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या नावापुढे 'पथ्य' लिहिलंय. आचारी खास लक्ष देतील."

श्यामकांतांनी फोन हळूच खाली ठेवला. वृंदाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा हा माणूस 'चुकलं माझं' म्हणेल, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मीनाक्षींनी खिचडी आणली. सात वाजत आले होते. "माझ्यासमोर जेवा," सारंग म्हणाला आणि खुर्ची ओढून पहाऱ्याला बसला. वृंदाताईंनी ताटाकडे पाहिलं. दहाच्या आधी त्यांना आता भूकच लागत नव्हती.

"अन्न जात नाही ना?" श्यामकांतांनी मायेने विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. सातची सवय मोडली आपली." ते उठले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "काही हरकत नाही. अजून दहा दिवस आहेत. सातला भूक लागायचा सराव आजपासून सुरू. नवीन तक्ता आखतो. वृंदा, माझी पट्टी कुठे आहे गं?"

पट्टी कुठे आहे हे वृंदाताईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खिचडीचा एक घास तोंडात घातला, आणि तो संपेपर्यंत बोलता येत नाही, असा चेहरा केला.