सरावाचा पेशंट

जेवणाच्या टेबलावर बाबा आडवे पडले होते आणि लेक त्यांच्या हाताला पंजा समजून बँडेज बांधत होती. जनावरांच्या नर्सिंगची तिची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच दुपारी होती. मागच्या खेपेला कुत्र्यानं बँडेज दातांनी सोडवलं आणि ही नापास झाली. आता शेवटची संधी. हुकली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. घरात साधं मांजरही नाही, मग बापाशिवाय सापडणार कोण?

"बोटांच्या मधे कापूस नीट बसला पाहिजे, नाहीतर घामानं कातडी खराब होते," ती म्हणाली.

"मला घाम फुटलाय तो तुझ्यामुळं."

"गप्प पडायचं हं. शहाणं ना माझं ते!"

हे शहाणं बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालं होतं. तरी निमूट पडून राहिलं. दुसराही हात बांधून झाला. मग जनावरानं बँडेज चावू नये म्हणून घालतात ती नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर तिनं बाबांच्या गळ्यात चढवली आणि मागची अद्दल आठवून वर चिकटपट्टीचे वेढे दिले.

तेवढ्यात फोन आला. परीक्षा लवकर सुरू होणार होती. पोरगी पिशवी उचलून धूम पळाली.

"अगं, मला सोडव की!" बाबा ओरडले, तोवर ती जिना उतरलीसुद्धा.

आई स्वयंपाकघरातून आली आणि पोट धरधरून हसली. मग एकदम थांबली. "अहो, कॉलर ज्याची त्यानं न्यायची असते ना? ही तर तिचीच!"

दोघांनी खूप ओढाओढ केली, पण पट्टीचं टोक काही सापडेना. घरातली एकुलती एक कात्री लेकीच्या पिशवीत. आईनं सुरी आणली तसे बाबा मागं सरले.

"गळा आहे तो, दुधीभोपळा नाही!"

"मग चला असेच. पोरीची दोन वर्षं वाया जातील."

बसमध्ये समोरच्या बाईनं आपलं मूल जवळ ओढलं. "चावतात का हो?"

"एरवी नाही," आई म्हणाली.

परीक्षेच्या खोलीत लेक रडकुंडीला आली होती. "कॉलर नाही तर परीक्षा नाही," असं परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं. त्यात कोपऱ्यातला धिप्पाड कुत्रा कुणाला जवळ फिरकू देत नव्हता. इतक्यात बाबा दारात उभे राहिले.

कुत्र्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गुरगुर थांबली. तो उठला आणि बाबांच्या पायाला टेकून बसला. त्याला बिचाऱ्यांची कीव आली असावी.

मॅडमनी पट्टी कापून कॉलर लेकीच्या हाती दिली. बाबा कुत्र्याशेजारी फरशीवर बसले.

"गप्प बसायचं हं," लेक म्हणाली. "शहाणं ना माझं ते!"

दोघंही गप्प बसले.

तिचे हात झरझर चालत होते. कापूस, मग पट्टी, मग गाठ. कुठं घाई नाही की धसमुसळेपणा नाही. कुत्र्यानं पंजा मागं घेतला की ती थांबायची, त्याला कुरवाळायची, पुन्हा सुरू करायची. बाबा डोळे भरून बघत होते. इतकं कसब आपल्या पोरीच्या हातात आहे, याचा त्यांना फार अभिमान वाटला.

कॉलर चढली. कुत्र्यानं खोलीभर उड्या मारल्या, पाय झाडले. बँडेज जागचं हललं नाही.

"पास," मॅडम म्हणाल्या. कुत्र्याला मोकळं करून त्या कात्री घेऊन बाबांकडे वळल्या. बाबांनी बँडेज बांधलेले दोन्ही हात झटकन पाठीमागं लपवले.

"राहू द्या हो मॅडम," ते म्हणाले. "बसनंच परत जायचंय. चार लोकांना दिसू दे की!"